म्हाताऱ्या न्हाव्याचं घड्याळ

मागच्या पंधरवड्यात कल्याणच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मजकूर थोडक्यात असा : सासरे ब्याऐंशी वर्षांचे, तब्येत बरी, पण दिवसभर दाराशी बसून असतात. दर दहा मिनिटांनी किती वाजले विचारतात. “मी स्वयंपाक करू की यांना वेळ सांगत बसू? आहारात काही बदल करावा का?” असं त्यांनी विचारलं आहे.

आहाराचं उत्तर सोपं आहे. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर द्या, सकाळी मऊ भात किंवा नाचणीची पेज, पाणी आठवणीने पाजा, कारण या वयात तहान कळत नाही. पण पत्र वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पेज आली नाही, एक चिनी सिनेमा आला. हसू नका. तो मी 2006 साली पणजीला पाहिला होता, आणि गेल्या काही महिन्यांत आमच्या घरी जे घडलं त्यामुळे तो पुन्हा पुन्हा आठवतो आहे. म्हणून या खेपेला लोणची-पापड बाजूला ठेवून त्याच्याबद्दल लिहिते.

तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आत्या पणजीला राहायची. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2004 पासून गोव्यात भरू लागला, त्यामुळे नोव्हेंबरअखेर सगळी पणजी सिनेमाच्या गोष्टी करायची. आत्याच्या शेजारणीने आमची दोघींची नावं आधीच नोंदवून ठेवली होती. गळ्यात ओळखपत्र अडकवून आम्ही मांडवीच्या काठाने चालत जायचो, एखादा खेळ कला अकादमीत, एखादा आयनॉक्समध्ये. आत्याच्या पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी. परदेशी पाहुणे कॉफी पीत उभे असायचे आणि आम्ही दोघी पायरीवर बसून दशम्या खायचो. मला लाज वाटायची, आत्याला मुळीच नाही.

त्या दिवशी खरं तर दुसराच सिनेमा पाहायचा होता, स्पॅनिश की कुठला. त्याची रांग पार फाटकापर्यंत गेली होती. शेजारच्या दाराशी मात्र मोजकी माणसं. आत्या म्हणाली, “चल गं, इथे बसायला तरी मिळेल.” आत गेल्यावर कळलं की सिनेमा चीनचा आहे, आणि एका म्हाताऱ्या न्हाव्यावर आहे. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. चिनी म्हणजे मला तोवर हवेत उड्या मारणारे लढवय्येच माहीत. आत्याच्या पिढीला निदान डॉक्टर कोटणीस ठाऊक होते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथेच एका चिनी परिचारिकेशी लग्न केलं आणि 1942 साली तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांच्यावर व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये सिनेमा काढला, त्यात ती चिनी बायको जयश्रीबाईंनी रंगवली. आत्याच्या डोक्यात चिनी बाई म्हणजे जयश्रीच!

पडद्यावर मात्र ना जयश्री, ना लढवय्या. एक वाळलेला, ताठ म्हातारा सकाळी सहाला उठतो. भिंतीवरचं घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडतं. तो काटा सरकवून वेळ बरोबर करतो. मग कवळी बसवतो, केस विंचरतो, नीटनेटका होतो आणि आपली तीनचाकी सायकल काढून गल्लीबोळांतून निघतो. एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंधरा मिनिटांनी मागच्या रांगेतली दोन मुलं उठून गेली.

त्या म्हाताऱ्याचं नाव जिंग. वय त्र्याण्णव. आणि गंमत अशी की ते सोंग नव्हतं. जिंग क्वेइ नावाचे बीजिंगचे खरोखरीचे म्हातारे न्हावीच त्या सिनेमात होते, स्वतःचंच काम करत, त्या वयात. हासि चाओलू नावाच्या मंगोल दिग्दर्शकाने त्यांना घेऊन सिनेमा केला. म्हणूनच वस्तरा हातात घेतल्यावर त्या बोटांत जी सहजता होती ती कुठल्या नटाला चार महिने शिकवूनही आली नसती. आपली आजी बोलता बोलता, ताटाकडे न पाहता गहू निवडायची ना, तसं.

बीजिंगमध्ये जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांना हुतोंग म्हणतात. राखी विटांच्या भिंती, आत अंगण, अंगणाभोवती खोल्या. आपल्या चौसोपी वाड्याची धाकटी बहीणच म्हणा. 2008 च्या ऑलिंपिकच्या आधी अशा पुष्कळ गल्ल्या पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. सिनेमातसुद्धा म्हाताऱ्याच्या गल्लीत पाडकामाची खूण भिंतीवर रंगवली जाते. त्यावर कोणी आरडाओरडा करत नाही, भाषण ठोकत नाही. माणूस येतो, ब्रश फिरवतो आणि जातो.

जिंग आजोबांची गिऱ्हाइकं ठरलेली, सगळी म्हातारी. कोणी आजारी, कोणी एकटा. आजोबा घरी जातात, गरम पाण्यात फडका पिळून चेहऱ्यावर ठेवतात, दाढी करतात, डोकं भादरतात, मान-खांदे चोळून देतात. पैसे किरकोळ. गप्पा मात्र भरपूर : कोण गेला, कोणाच्या मुलाने काय केलं. मला तेव्हा ते फार कळलं नव्हतं, पण एक कळलं होतं. त्या म्हाताऱ्यांना आठवड्यातून एकदा कोणीतरी हात लावतं, ते याच कारणाने.

मग एक एक गिऱ्हाईक कमी होऊ लागतं. एका ओळखीच्या घरी आजोबा जातात, दार वाजवतात, आणि तो माणूस आत गेलेला असतो. दिग्दर्शक तिथेही रडारड दाखवत नाही. त्यानंतर आजोबा आपल्या स्वतःच्या जाण्याची तयारी करू लागतात, आपण मुलीच्या लग्नाची करावी तशी. चांगला फोटो काढून घेतात, कपडे पाहून ठेवतात. माणसाने जगावं नीटनेटकं आणि जावंही नीटनेटकं, एवढंच त्यांचं म्हणणं. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा उठतात आणि घड्याळाची पाच मिनिटं भरून काढतात.

दिवे लागले तेव्हा आत्या डोळे पुसत होती. मला वाटलं, बापूआजोबा आठवले असतील. ती म्हणाली, “अगं, माझ्या सासऱ्यांची नखं मी शेवटचं वर्षभर कापली नाहीत. माझ्या लक्षातच आलं नाही. वारल्यावर आंघोळ घालताना पाहिली.” मला तेव्हा या वाक्याचं काय करावं कळलं नाही. महोत्सव संपताना बातमी आली, सुवर्णमयूर त्याच सिनेमाला मिळाला. आत्याने दशमीवाल्या पिशवीवर हात मारून सांगितलं, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” तिने काहीही म्हटलं नव्हतं. रांग लहान होती म्हणून आम्ही आत गेलो होतो.

पुढे माझं लग्न होऊन मी वळला आले. वळ म्हणजे भिवंडीजवळचं गाव. भिवंडी तशी यंत्रमागांची, पण ठाण्याकडून येताना कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली हा सगळा पट्टा आता गोदामांचा. मुंबईतल्या दुकानात तुम्ही जी मिक्सरची पेटी उचलता, ती आधी इथे कुठल्या तरी गाळ्यात चार रात्री झोपलेली असते. त्यात चीनचा माल किती, हे सांगायला नको. आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या तरुणपणी इथे भातशेती होती. आवणाच्या दिवसांत अख्खं गाव चिखलात असायचं. आता पावसाळ्यात चिखल तेवढा आहे, तो ट्रेलरच्या चाकांचा.

मी गोदामांच्या नावाने बोटं मोडणार नाही. आमची शेतं गाळ्यांखाली गेली, त्या भाड्यावर दोन्ही दिरांची मुलं शिकली, आमच्या घरात शौचालय आलं, फ्रिज आला. शेतीत काय होतं ते बाबाच सांगतात : “चार म्हयने खावाचा, आठ म्हयने बगत बसाचा.” उरलं आहे ते गावठाणातलं जुनं कौलारू घर. घरपट्टी बाबांच्या नावाने. आता तेही पाडून खाली गाळे आणि वर खोल्या काढायच्या, असा विचार वर्षभर चालला आहे. एक दलाल येतो, बयाण्याची भाषा करतो, नकाशाची सुरळी उघडतो.

यात माझ्या पोटात गोळा येतो त्याचं एक कारण आहे. 29 एप्रिल 2023 ला वळपाड्यातली इमारत कोसळली. तिच्यातही खाली गोदाम होतं आणि वर बिऱ्हाडं. 8 माणसं गेली. कितीतरी तास ढिगारा उपसत होते. तेव्हापासून “खाली गाळे, वर खोल्या” म्हटलं की मी पहिलं विचारते, नकाशा कोणी मंजूर केला, इंजिनियर कोण, वरच्या खोल्यांखाली माल किती टनांचा राहणार. दलाल माझ्याकडे न बघता यांच्याकडे बघून हसतो. “वहिनी शिकवतात वाटतं शाळेत?” हो, शिकवते. अर्धवेळ शिकवते, पण बेरीज पूर्ण येते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सांगताना मला माझीच लाज वाटते. या सगळ्या चर्चा ओटीवर, बाबांच्या समोर चालायच्या. भाऊजी बोलायचे, हे बोलायचे, मीही माझी शंका काढायची. बाबा खांबाला टेकून बसलेले. त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही. ऐकू कमी येतं, असं आम्ही धरून चाललो होतो. आणि ते काय विचारायचे? “न्हावी कवा येनार?” दर रविवारी विचारायचे. आम्ही म्हणायचो, “येतील हो बाबा.”

गावचे नाभिक काका गेली चाळीस वर्षं दर रविवारी बाबांची दाढी करायला यायचे. काखेत धोकटी, तीत वस्तरा, पट्टा, नऱ्हाणी, तुरटीचा खडा. सहा महिन्यांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि ते मुलाकडे राहनाळला राहायला गेले. हे आम्हाला ठाऊक होतं. बाबांना सांगायचं राहून गेलं. मुद्दाम लपवलं असं नाही. ही बातमी सांगण्यासारखी आहे असंच कोणाला वाटलं नाही. यांनी एक-दोनदा घाईघाईत ट्रिमर फिरवला, बस्स.

श्रावणातल्या एका रविवारी भाऊजी कागद घेऊन आले. “बाबा, इथे सही करा.” बाबा म्हणाले, “आज नको. आज आयतवार. न्हावी येनाराय.” सगळे हसले. मी पण हसले असते, पण त्यांनी जमिनीवर टेकलेल्या हाताकडे माझं लक्ष गेलं. नखं वाढून वळली होती. आणि मला पणजीची ती पायरी, आत्याचं ते वाक्य, सगळं एकदम आठवलं.

दुपारी सगळे पांगल्यावर मी पाणी तापवलं. सुनेने सासऱ्यांची दाढी करायची, हे आमच्याकडे कोणी पाहिलेलं नाही. बाबा आधी बिचकले. म्हटलं, “बाबा, मी तुमची पोर ना?” मग गप्प बसले. गरम फडका चेहऱ्यावर ठेवला तसे त्यांनी डोळे मिटले आणि फडक्याखालूनच बोलायला लागले. सगळं ऐकू आलं होतं त्यांना. बयाण्याचा आकडासुद्धा पाठ होता. म्हणाले, “मना कोनी इचारला का? मी नाय बोलनार नाय. पन इचारा तरी.” थोड्या वेळाने म्हणाले, दाराची खोली, जिथून रस्ता दिसतो, ती आपण असेतोवर असू द्या. मागचं पाडा, बांधा. ती खोली राहू द्या. आईंची ती जागा. सासूबाई त्याच खोलीत गेल्या, चार वर्षांपूर्वी.

रात्री मी यांना सांगितलं. हे चिडले. “मग सहा महिने काय गप्प बसले?” म्हटलं, “आपण विचारलं कुठे?” त्यावर दोन दिवस अबोला. तो तुम्हालाही ठाऊक असतोच, जेवण वाढायचं पण मिठाचं भांडं स्वतः घ्यायचं. जाऊबाईंचं म्हणणं, तू उगाच बाबांच्या मनात भरवलंस. धाकट्या भाऊजींच्या मुलाचं लग्न ठरायचं आहे, त्यांना जागा हवी आहे, त्यांचंही खोटं नाही. कागदावर अजून सही झालेली नाही. दिवाळीनंतर सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं आहे, बाबांना मधे बसवून. काय होईल ते होईल.

आता कल्याणच्या भगिनींसाठी आणि ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्या सगळ्यांसाठी, दाढी-नखांचं जे मी शिकले ते सांगते. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ आणि सैल असते, उघडा वस्तरा आपल्यासारख्या नवशिक्याने हातात घेऊ नये. साधा सेफ्टी रेझर घ्या, पातं दरवेळी नवं. आधी कोमट पाण्यात पिळलेला फडका दोन-तीन मिनिटं ठेवा, केस मऊ होतात. साबणाचा फेस चांगला होऊ द्या. डाव्या हाताने कातडी हलकी ताणून धरा आणि केस ज्या बाजूला वळतात त्याच बाजूला हात चालवा, उलटा नको. गालाच्या खळग्यात हात थांबतो, तिथे त्यांना तोंडात हवा भरून गाल फुगवायला सांगा. बाबांना याचं फार हसू येतं. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर पातं लावूच नका, विजेवरचा ट्रिमर बरा. नखं आंघोळीनंतर कापा, मऊ असतात, आणि सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका. मधुमेह असेल तर पायाच्या नखांना आपण हात न लावता डॉक्टरांना दाखवलेलं चांगलं, कारण तिथली छोटी जखमही चिघळते. आणि हे सगळं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी करा. तुमचे सासरे दर दहा मिनिटांनी वेळ विचारतात ना? मला वाटतं, ते कशाची तरी वाट बघत असतील. कशाची, ते एकदा विचारून बघा. मात्र हे नव्याने सुरू झालं असेल, आणि त्याबरोबर जेवल्याचं विसरणं, रस्ता चुकणं असंही असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

सिनेमाचंही दोन शब्द. “आम्ही कुठे गोव्याला जाणार?” असं म्हणू नका. गोव्याचा महोत्सव दर नोव्हेंबरात असतो खरा, पण पुण्यात 2002 पासून महोत्सव होतो, साधारण वर्षाच्या सुरुवातीला. मुंबईत थर्ड आय हा तर आशियाई सिनेमांचाच महोत्सव आहे. मुंबईत 1968 साली निघालेलं प्रभात चित्र मंडळ सभासदांना देशोदेशींचे सिनेमे दाखवतं. त्या चळवळीतले सुधीर नांदगावकर 2023 च्या पहिल्याच दिवशी वारले, त्यांनी मुंबईच्या ‘मामी’ महोत्सवाच्या उभारणीतही मोठा वाटा उचलला होता. नाव आधी नोंदवावं लागतं. एका दिवसात चार-चार सिनेमे पाहू नका, डोकं भणभणतं. एक पाहा, फार तर दोन. खालच्या इंग्रजी ओळी भराभर जातात, पण घाबरू नका. सगळ्या वाचल्या नाहीत तरी चालतं, चेहरे वाचता येतात. आत थंडी फार असते, शाल न्या. आणि दशम्या नेल्या तर लाजू नका, मी उगाच लाजले. रांग लहान दिसली तर जरूर शिरा.

नाभिक काकांना मी राहनाळला जाऊन भेटून आले. गुडघे खरंच गेले आहेत, पण हात ठीक आहेत. मुलगा म्हणाला, जिना उतरवून देतो, रिक्षाने न्या आणि आणून सोडा. या रविवारी नऊ वाजता रिक्षा सांगून ठेवली आहे. बाबांना या वेळी सांगितलं आहे. त्यांनी काल टॉवेल धुवायला टाकला आणि धोकटी ठेवायला ओटीवरची तिवई कुठे गेली म्हणून मला तीनदा विचारलं. ती माळ्यावर आहे, यांना काढायला सांगितलं आहे. अजून काढली नाही.